पोर्ट ऑफ स्पेनच्या पलीकडचा ऊस

केज तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत मी ३१ वर्षे शिकवले आणि त्या ३१ वर्षांत दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडण्याचा दिवस मला एकदाही आवडला नाही. सुट्टीपूर्वी ४८ मुले असलेल्या वर्गात त्या दिवशी वीस-बावीस डोकी दिसत. उरलेल्यांची नावे हजेरीपटावर असत आणि मुले मात्र आईवडिलांबरोबर भांडीकुंडी, शेळ्या आणि ज्वारीच्या पोत्यांसह ट्रकमध्ये बसून सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर थेट कर्नाटकात ऊसतोडीला गेलेली असत. हंगामी वसतिगृहे निघाल्यापासून काही मुले आजी-आजोबांजवळ गावातच थांबू लागली, हे खरे. पण फडावर धाकट्या भावंडाला सांभाळायला कोणीतरी लागतेच, आणि ते ‘कोणीतरी’ बहुधा माझ्या चौथीच्या वर्गातली एखादी मुलगी असे. त्यामुळे ऊस म्हटले की मला गोडीच्या आधी गैरहजेरी आठवते.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, मी आणि सौ. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादला गेलो, ते अर्थातच ऊस पाहायला नव्हे. जावई तिथे पॉइंट लिसास येथील एका रसायन कारखान्यात करारावर नोकरी करतात आणि लेक व नात राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये राहतात. पोर्ट ऑफ स्पेन हे नाव मला अकराव्या वर्षापासून ठाऊक होते, कारण १९७६ च्या एप्रिलमध्ये भारताने तिथल्या क्वीन्स पार्क ओव्हलवर ४०३ धावांचे लक्ष्य पार केले, तेव्हा आकाशवाणीवरची ती बातमी ऐकून वडिलांनी शेजाऱ्यांना गूळ वाटला होता. घरात तेव्हा पेढ्याला पैसे नव्हते. त्या पलीकडे त्रिनिदादविषयी मला काहीही माहीत नव्हते. हे बेट सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे आमच्या बीड जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान, हे विमानात नकाशा पाहताना समजले आणि का कोण जाणे, बरे वाटले.

राजधानीविषयी फार लिहीत नाही. ते इतरांनी भरपूर लिहिले आहे. सव्हाना नावाचे प्रचंड मैदान, त्याच्या कडेला शहाळी विकणाऱ्या गाड्या, जुन्या श्रीमंतांच्या सात दिमाखदार हवेल्या, कार्निव्हलचा दणदणाट, हे सगळे पहिल्या आठवड्यात उरकले. मला तिथे खरे थबकवले ते लेकीच्या घराजवळच्या पाट्यांनी. सेंट जेम्स हा भाग पूर्वी उसाचा मळा होता आणि मळा मोडून वस्ती झाली तेव्हा गल्ल्यांना नावे पडली ती कलकत्ता स्ट्रीट, मद्रास स्ट्रीट, लखनऊ स्ट्रीट, पाटणा स्ट्रीट, बॉम्बे स्ट्रीट. पहाटे फिरायला निघून पाटण्याहून बॉम्बेला तीन मिनिटांत पोहोचण्याची मजा पहिले दोन दिवस वाटली. तिसऱ्या दिवशी मात्र मनात आले की, ही नावे ज्यांच्यामुळे पडली ती माणसे कुठे आहेत, कारण राजधानीत ती जेमतेमच दिसत होती.

त्या माणसांचा इतिहास थोडक्यात असा. १८३४ मध्ये ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८३८ पर्यंत गुलाम पूर्ण मोकळे झाले. मळ्यांवर राबायला माणूस मिळेना, तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली. ‘फतेल रझाक’ हे पहिले जहाज कलकत्त्याहून निघून ३० मे १८४५ रोजी सव्वादोनशेच्या आसपास माणसे घेऊन त्रिनिदादला लागले, आणि १९१७ पर्यंत अशी सुमारे १ लाख ४३ हजार माणसे आली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश व बिहारमधली होती, काही मद्रासकडची. आज देशाच्या लोकसंख्येत भारतीय वंशाचे लोक सुमारे ३५ टक्के आहेत. पण त्यांचा मुलूख राजधानीचा नव्हे. तो दक्षिणेला, कारोनी नदीपलीकडच्या सपाट मैदानात आहे, जिथे ऊस होता.

तिकडे जायचे म्हणून मी एका सहल कंपनीकडे पैसे भरले. आदल्या रात्री निरोप आला की, या सहलीला आम्ही दोघेच प्रवासी असल्याने ती रद्द झाली आहे, त्याऐवजी समुद्रकिनारा चालेल का? समुद्रकिनारा मला चालणार नव्हता. (पैसे परत मिळायला पाच आठवडे आणि जावईबापूंचे सात फोन लागले.) शेवटी मी एकटाच सिटी गेट या मुख्य थांब्यावर गेलो. ही इमारत मूळची रेल्वे स्थानकाची. १९६८ मध्ये तिथली रेल्वे बंद झाली आणि रूळही गेले. ज्या जिल्ह्याने रेल्वेची वाट पाहण्यात पिढ्या घालवल्या, तिथल्या माणसाला ही गोष्ट ऐकून कसेतरीच होते. आता तिथून ‘मॅक्सी टॅक्सी’ सुटतात. ही आपली वडापच; फक्त पट्ट्याच्या रंगावरून दिशा कळते. पूर्वेला जाणाऱ्यांवर लाल पट्टा, चाग्वानास आणि सॅन फर्नांडोकडे जाणाऱ्यांवर हिरवा. मी हिरव्या पट्ट्यात बसलो.

शहर सुटताच डाव्या-उजव्या हाताला जमीन ताटासारखी सपाट होत गेली आणि घरांच्या अंगणात उंच बांबूंवर लाल, पिवळे, पांढरे झेंडे दिसू लागले. पूजा झाली की अंगणात झेंडा रोवायचा आणि तो उन्हापावसात विरून जाईपर्यंत काढायचा नाही, अशी तिथली रीत आहे. त्याला ते ‘झंडी’ म्हणतात. घराच्या छपरावर किंवा बाजूच्या ओट्यावर काळ्या प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्या होत्या. इतक्या हिरव्यागार देशात प्रत्येक घराला टाकी कशाला, असे मी शेजारच्या बाईंना विचारले, तर त्या हसून म्हणाल्या की, नळाला पाणी रोज येते असे तुम्हाला कोणी सांगितले? २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेले मी पाहिले होते. त्यांच्याशी ओळख व्हायला तेवढा विषय पुरला.

त्या बाईंच्याच ओळखीने कूव्हा गावचा एक टॅक्सीवाला मिळाला आणि पुढची सगळी भटकंती त्याच्याच गाडीतून झाली. पन्नाशीचा गृहस्थ, बाप आणि आजा दोघेही ऊसतोड करणारे. मला तो ‘अंकल’ म्हणे. त्याला हिंदी येत नव्हती, मला त्याचे इंग्रजी निम्मे समजत नव्हते. तरी आलू, बैगन, भाजी, जिरा, मसाला, तवा, बेलना, लोटा, चुलहा हे शब्द तो बोलता बोलता सहज टाकत असे आणि तेवढ्या दगडांवर पाय देत आमचा संवाद ओढा ओलांडून जात असे.

कूव्हाजवळ ब्रेचिन कॅसल नावाचा साखर कारखाना होता. आम्ही गेलो तेव्हा मला दिसले ते गंजलेले लोखंड, वेलींनी धरलेल्या भिंती आणि माजलेले गवत. बंद पडलेला साखर कारखाना कसा दिसतो, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. ती शांतता आपल्या ओळखीची असते. गाडी उभी करून टॅक्सीवाल्याने दोन्ही हात पसरून जी दिशा दाखवली, ती थेट क्षितिजापर्यंत होती. “हे सगळं ऊस होतं, अंकल. इथून समुद्रापर्यंत.” आता तिथे नवी घरे, गोदामे, भाजीचे तुकडे आणि बरेचसे नुसतेच रान आहे. मधूनच गवतात पेरल्याशिवाय उगवलेला, काडीसारखा बारीक ऊस दिसतो. इथला ऊस ब्रिटिशांच्या टेट अँड लाइल कंपनीकडून १९७५ मध्ये पूर्णपणे सरकारकडे आला, म्हणून सरकारी कंपनीच्या नावातच ते साल होते. युरोपात हमीभावाने जाणाऱ्या साखरेवर ती कशीबशी तगली, तोटा वाढत गेला आणि २००३ मध्ये सरकारने कंपनी बंद करून सुमारे ९ हजार कामगारांना पैसे देऊन घरी पाठवले. टॅक्सीवाला त्यांपैकीच एक. त्या पैशांतून त्याने ही गाडी घेतली.

तोडीविषयी आम्ही दोघे तासभर बोललो असू. मी स्वतः कधी कोयता धरला नाही. पण ३१ वर्षे पालकसभा फडाच्या गप्पांतच गेल्या असल्याने मला प्रश्न विचारता येत होते. त्यांचा कोयता, ज्याला ते ‘कटलस’ म्हणतात, लांब आणि सरळ पात्याचा असतो, जवळजवळ तलवारच. आपल्यासारखा आखूड आणि वाकडा नव्हे. त्यांच्याकडे तोडणीच्या आधी फडाला आग लावायची रीत होती, म्हणजे पाचट जळून जाई, साप-विंचू पळत आणि हात भरभर चाले. मी त्याला सांगितले की, आमच्याकडे जळालेला ऊस कारखाना पैसे कापून घेतो. शिवाय हिरव्या उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, तोडणारी बाई मोळ्या बांधून विकते, तेवढाच मिठा-मिरचीचा खर्च निघतो. ऊस जाळला तर वाढे कुठून आणायचे? तो विचारात पडला. मग म्हणाला की, त्याची आई संध्याकाळी घरी येई तेव्हा काजळीने इतकी काळी झालेली असे की, धाकटा भाऊ तिला पाहून रडू लागे.

उसाच्या गाड्या ओढायला तिथे म्हशी होत्या, हे ऐकून मात्र मी हसलो. आपल्याकडे फार तर हेला जुंपतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातून म्हशी आणल्या गेल्या, त्या दलदलीच्या वाटेवर बैलांपेक्षा चांगल्या चालत. पुढे ट्रॅक्टर आले आणि म्हशींना काम उरले नाही, तेव्हा स्टीव्ह बेनेट या पशुवैद्याने निवड करत करत त्यांच्यापासून मांसासाठीची नवी जात तयार केली. तिचे नाव ‘बफेलिप्सो’; बफेलो आणि तिथले कॅलिप्सो गाणे यांची सांधेजोड. नाव ठेवावे तर या लोकांनी.

कूव्हाहून जवळच कारापिचैमा लागते. तिथे दत्तात्रेय योग केंद्राच्या आवारात ८५ फूट उंचीची हनुमानाची मूर्ती आहे, आणि तिची प्रतिष्ठापनाही २००३ चीच. एकाच साली या मैदानातली साखर कंपनी गेली आणि मारुतीराया उभे राहिले. केंद्र म्हैसूरच्या गणपती सच्चिदानंद स्वामींच्या परंपरेतले, त्यामुळे बांधणी दाक्षिणात्य आहे. पण नाव दत्ताचे. माहूरला ज्याने लहानपणापासून वाऱ्या केल्या, त्याने पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, उसाच्या जुन्या मळ्यात, दत्ताच्या पायरीवर डोके टेकवावे, हे मला आधी कोणी सांगितले असते तर मी विश्वास ठेवला नसता. सौ.ने तिथे ‘दिगंबरा दिगंबरा’ म्हटले, तेव्हा झाडलोट करणारी एक मुलगी झाडू हातात धरून ऐकत उभी राहिली.

तिथून रस्ता वॉटर्लूच्या किनाऱ्याला जातो. समोर पारियाचे आखात, गढूळ आणि शांत, आणि पाण्यात पुढे गेलेल्या वाटेच्या टोकाला अष्टकोनी पांढरे देऊळ. हे देऊळ शिवदास साधू या उसाच्या मळ्यावरच्या मजुराने बांधले. लहानपणी आईबापांबरोबर तो हिंदुस्थानातून आला होता. १९४७ मध्ये त्याने किनाऱ्यावर, साखर कंपनीच्या मालकीच्या मोकळ्या जागेत एक छोटे देऊळ उभारले. कंपनीने ते पाडायला सांगितले. त्याने नकार दिला, म्हणून त्याला तुरुंगवास आणि दंड झाला, आणि १९५२ मध्ये देऊळ पाडलेही गेले. तेव्हा साधूने ठरवले की, जमीन मालकाची असेल, समुद्र तर कोणाचा नाही. आणि तो ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून, सायकलवरून दगड, वाळू, सिमेंट वाहत, पिंपे काँक्रिटने भरून समुद्रात भर घालू लागला. हे काम त्याने वर्षानुवर्षे केले. लोक त्याला वेडा म्हणत. लाटांनी झिजलेले ते देऊळ भारतीयांच्या आगमनाला १५० वर्षे झाली तेव्हा, १९९५ च्या सुमारास, सरकारच्या मदतीने पुन्हा बांधले गेले. देवळाशेजारच्या किनाऱ्यावरच तिथले हिंदू आपल्या माणसांना अग्नी देतात. आम्ही उभे होतो तेव्हाही एका चितेचा धूर आखातावर सरकत होता आणि दूर मासेमारीची एक नाव आपल्या वाटेने चालली होती. मी पाहिलेल्या देवळांपैकी सर्वांत लहानांत हे मोडेल. पण साखर कंपनीच्या नाकावर टिच्चून उभे राहिलेले दुसरे देऊळ मला माहीत नाही, आणि आमच्या जिल्ह्यात तर कारखान्याच्या अध्यक्षाच्या हस्तेच कळस बसवण्याची पद्धत आहे.

वॉटर्लूच्याच रस्त्यावर भारतीय-कॅरिबियन संग्रहालय आहे. जाते, उखळ, पितळी लोटे, चांदीचे दागिने, जुनी वाद्ये अशा घरगुती वस्तू तिथे आहेत. दोन खोल्यांतच संपणारे वाटले तरी इथे वेळ काढून जावे. टॅक्सीवाल्याची शेजारीण आमच्याबरोबर आली होती, वय ८० च्या पुढचे. सगळे तिला ‘आजी’ म्हणत होते. मला वाटले, आमच्यासाठी कोणी मराठी शब्द वापरते आहे. पण भोजपुरीतून आलेल्या तिथल्या बोलीत बापाच्या आईला आजी आणि आईच्या आईला नानीच म्हणतात. सौ.ने तिला आजी म्हणून हाक मारली, तेव्हा त्या म्हातारीला त्यात काही विशेष वाटले नाही; डोळे आमचेच भरून आले.

आजीच्या पिशवीत एक प्लास्टिकचा फोल्डर होता. त्यात तिच्या पणजोबांच्या ‘एमिग्रेशन पास’ची, म्हणजे देश सोडून जाण्याच्या परवान्याची, प्रत. कलकत्त्याच्या डेपोत प्रत्येक माणसाचा असा एक कागद भरला जाई: जहाजाचे नाव, क्रमांक, माणसाचे नाव, बापाचे नाव, वय, जिल्हा, ठाणे, गाव, जात, उंची आणि अंगावरच्या खुणा. या कागदावर जिल्हा बस्ती लिहिला होता आणि खुणेच्या रकान्यात कपाळावरच्या व्रणाची नोंद होती. आजी आपल्या बोटाने त्या ओळीवरून गेली आणि मग स्वतःच्या कपाळावरून, जणू तो व्रण तिथेही उमटला आहे की काय हे पाहावे. बस्ती तुमच्या गावाजवळ आहे का, असे तिने विचारले. नाही म्हणणे जिवावर आले. आगगाडीने दीड दिवस, असे काहीतरी मी सांगितले.

तिला मी आमच्या ऊसतोडीविषयी सांगितले. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजतात. मुकादम दसऱ्याच्या आधी उचल देतो. ती फिटेपर्यंत कोयता बांधलेला असतो. फडाच्या कडेला पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोपी घालून राहायचे, पहाटे तीनला उठायचे. तिने मान डोलावली, कारण करारातल्या पाच वर्षांची हकीकत तिच्या घरात अशीच सांगितली जाई: मळ्यातल्या बराकीत एका कुटुंबाला एक खोली, रोजचा नेमून दिलेला ‘टास्क’, आणि पास नसताना मळ्याबाहेर पाय टाकला की अटक. तिथे सुटका कराराने होई, आमच्याकडे हिशेबाने; आणि हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. हे मी म्हणालो तेव्हा टॅक्सीवाला मोठ्याने हसला. आजी मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडली होती. “तुमची माणसं दरवर्षी घरी परत येतात?” होय, उन्हाळ्यात येतात, मी म्हणालो. “मग दिवाळी झाल्यावर पुन्हा का जातात?” मी कोरडवाहू जमीन, पाऊस, लग्नाचे कर्ज असे शब्द इंग्रजीत जुळवू लागलो आणि मध्येच थांबलो. ते उत्तर तिला पटण्यासारखे नव्हते, आणि खरे तर मलाही.

गुड फ्रायडेला आम्ही आणखी दक्षिणेला गेलो. वाटेत डेबे येथे रस्त्याच्या कडेला भजी-वड्यांची दुकाने ओळीने आहेत. डाळीच्या पिठाची गोल गोल ‘फुलौरी’, पानांच्या वड्यांची ‘सहीना’ (ही आपली अळूवडीच, फक्त गुंडाळण्याची घाई केलेली), आणि अर्थात ‘डबल्स’: हळद घातलेल्या मऊ तळलेल्या दोन ‘बारा’ आणि त्यांत छोल्यांची पातळ भाजी, वर चिंचेची चटणी, कैरीचा कुचेला आणि तिखट. किती तिखट, हे दुकानदार आधी विचारतो. मी बीडचा म्हणून ऐटीत पूर्ण तिखट मागितले. तिथली मिरची दिसायला गोंडस, लहानशा टोमॅटोसारखी असते, एवढेच सांगतो. सौ. पुढचे १० किलोमीटर हसत होती.

सिपारिया गावच्या कॅथॉलिक चर्चमध्ये ‘ला दिव्हिना पास्तोरा’ म्हणजे मेंढपाळ रूपातली मेरीमाता आहे, सावळ्या रंगाची, भरजरी कपड्यांतली. हिंदू लोक तिला ‘सिपारी माई’ म्हणतात आणि गुड फ्रायडे व त्याच्या आदल्या दिवशी तिच्या पायाशी तेल, तांदूळ, फुले वाहायला रांगा लावतात. लहान मुलांचे पहिले केस तिथे काढण्याची चाल आहे, म्हणजे जावळच. योगेश्वरीला जावळ काढणाऱ्या आणि मोहरमला पंजांपुढे नारळ फोडणाऱ्या आमच्या मुलखातल्या माणसाला यात अपरिचित असे काही नव्हते. मोहरमची गोष्ट निघाली म्हणून सांगतो: तिथे त्याला ‘होसे’ म्हणतात, ताबुतांना ‘ताजा’, आणि हिंदू मजूरही त्यात असत. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सॅन फर्नांडोत शिरणाऱ्या उसाच्या मजुरांच्या होसे मिरवणुकांवर ब्रिटिशांनी गोळीबार केला. अनेकजण ठार झाले आणि शंभराहून अधिक जखमी. मजूर मळ्याबाहेर एकत्र जमू लागले, हीच सरकारची खरी भीती होती.

त्याच दिवशी ला ब्रेआचा डांबराचा तलाव पाहिला. सुमारे १०० एकरांचा, मध्यभागी २५० फुटांच्या आसपास खोल, आणि नैसर्गिक डांबराचा जगातला सर्वांत मोठा साठा. इंग्लिश दर्यावर्दी वॉल्टर रॅले याने १५९५ मध्ये इथले डांबर आपल्या जहाजांच्या फटींत भरले होते. लांबून उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यासारखे दिसते, जवळ गेल्यावर हत्तीच्या कातड्यासारखे सुरकुतलेले. वाटाड्या घेतल्याशिवाय वर पाऊल टाकू नये, कारण काही जागी डांबर अजून मऊ असते; वाटाड्याने काठी खुपसून वर ओढली तर काळी तार हातभर लांब आली आणि तुटेचना. सुरकुत्यांत साचलेल्या गंधकाच्या पाण्यात बायका डुंबत होत्या, त्वचेला चांगले असते म्हणतात. इथले डांबर जगभरच्या रस्त्यांवर गेले. पण खुद्द ला ब्रेआतले रस्ते वेडेवाकडे आणि घरे तिरकी, कारण खालची जमीनच सरकत राहते. केज-अंबाजोगाईच्या वाटेवर हाडे खिळखिळी करून घेतलेल्या मला ते पाहून समाधान वाटले, हे कबूल करायला हवे.

कारोनीच्या दलदलीत नावेतून पाहिलेले लाल शराटी पक्षी लेकीला सर्वांत आवडले. संध्याकाळी ते शेकड्यांनी खारफुटीच्या एका बेटावर उतरतात आणि हिरवे झाड बघता बघता लाल होते. खेकडे-कोळंबीच्या आहारातून तो रंग येतो, जसा जायकवाडीला येणाऱ्या रोहित पक्ष्यांना येतो. पाहण्यासारखेच आहे. पण ते सगळे पर्यटक पाहतात, म्हणून पुढे जातो. कोणी जाणार असेल तर इतकेच सांगेन की, मॅक्सीने वाटा कळतात, पण कारापिचैमा, वॉटर्लू, कूव्हा एका दिवसात करायचे तर त्या भागातलाच टॅक्सीवाला दिवसभरासाठी ठरवावा, आणि त्याला घाई करू नये.

एप्रिलच्या अखेरीस आम्ही परतलो. गावात टोळ्या उतरण्याचे दिवस होते. शाळेपुढच्या लिंबाखाली एक ट्रक उभा होता आणि माझा एक जुना विद्यार्थी, आता दोन लेकरांचा बाप, खाली उभा राहून बायकोने वरून दिलेली भांडी घेत होता. त्याला माझ्या प्रवासाची खबर आधीच लागली होती.

“गुरुजी, तिकडं बी ऊस हाय म्हणं?”

आता नाही, पूर्वी होता, मी म्हणालो. आपल्याकडचीच माणसे जहाजाने नेली होती.

“टनाला काय भाव?”

टनावर नव्हता. दिवसाचे काम नेमून दिलेले, बाप्याला २५ सेंट, बाईला त्याहून कमी.

“अन् उचल?”

उचल नाही. जहाजाचे भाडे मालकाचे, पाच वर्षे बांधून घ्यायचे.

“माघारी यायचं भाडं?”

दहा वर्षे राहिल्यावर ते देत. पुढे, १८६९ पासून काही वर्षे, ज्याला माघारी यायचे नसेल त्याला तिकिटाच्या बदल्यात जमीन देऊ लागले.

परात त्याच्या हातातच राहिली. “किती?”

“दहा एकर.”

तीन भावांत मिळून चार एकर कोरडवाहू असलेल्या त्या पोराने परात खाली ठेवली, पुढचे हंडे घ्यायला हात वर केले आणि ट्रककडे बघतच म्हणाला, “मग कशाला येतेत माघारी.”